कपाटावरचा कॅमेरा

चिमणीच्या घरी जेवायच्या खोलीत, भांड्यांच्या कपाटावर एक छोटा कॅमेरा ठेवलेला होता. तो इस्पितळाचा होता. दर शनिवारी संध्याकाळी जेवायला बसण्याआधी चिमणीचे बाबा स्टुलावर चढून त्याचं बटण दाबायचे आणि जेवणं उरकली की पुन्हा चढून तो बंद करायचे. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करत, त्यामुळे घरात जे काही उंचावर असेल ते आपोआप त्यांच्या वाट्याला यायचं.

पहिल्या शनिवारी सगळे फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते. आईने धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता. बाबांनी दाढी केली होती. मावशी शेजारच्या गल्लीत राहायची आणि शनिवारी हमखास जेवायला यायची. "कोणी शिंकलं तरी टिपलं जाणार हं," असं म्हणून तिने मुद्दाम एक खोटी शिंक काढली. पुढच्या शनिवारी अवघडलेपण निम्मं झालं. मग त्या कॅमेऱ्याचं भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं. तो होता, पण कोणाला दिसत नव्हता. डॉक्टरबाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं.

"तुम्ही त्याला विसरून जाल," त्या म्हणाल्या होत्या. "विसरलात की माझं काम सुरू."

डॉक्टरबाई उपचार करणाऱ्या नव्हत्या. उपचार करणारे डॉक्टर वेगळे होते. बाईंचं काम संशोधनाचं. ज्या घरातल्या मुलीला न जेवण्याचा आजार आहे, त्या घरात जेवताना कोण काय बोलतं, कोण गप्प बसतं, मुलीचा घास नेमक्या कुठल्या शब्दापाशी अडतो, ते त्या बघायच्या आणि मोजायच्या. बघायचं, मोजायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढाच त्यांचा नियम होता.

चिमणीला तोच आजार होता. लहान मूल हट्टाने जेवत नाही, तसला हा प्रकार नव्हे. पोटात भूक असते, समोर अन्न असतं, आणि तरीही घास उचलायचा म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून खाली उडी मारायला सांगितल्यासारखं वाटतं. आजार कानाशी बसून एकच गोष्ट सांगत राहतो, की तू फार आहेस, अजून कमी हो. चिमणीने ते इतकं मनावर घेतलं की एके दिवशी कॉलेजच्या जिन्यात तिचे पाय तिला उचलेनासे झाले आणि तिला तिथून इस्पितळात न्यावं लागलं.

घरी सोडताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नियम घालून दिले. जेवणाचा सगळा कारभार आईबाबांच्या हाती. ताट आईने वाढायचं. ते रिकामं होईपर्यंत कोणीही उठायचं नाही. आणि टेबलावर खाण्याविषयी किंवा कोणाच्या अंगाविषयी चकार शब्द काढायचा नाही.

आईने हे काम जिवावर उदार होऊन केलं, याबद्दल कोणीच शंका घेऊ नये. घराच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. कमरेत सैल करणं, लांबी कमी करणं, चेन बदलणं, असली कामं. दारातून आत येणाऱ्या माणसाचं माप ती फीत न लावता सांगायची. फक्त स्वतःच्या मुलीचं माप तिला दिसलं नव्हतं. चिमणी आटत चालली होती तेव्हा आईनेच तिचा निळा ड्रेस पुन्हा पुन्हा आत घेतला होता, आणि दर वेळी टाचण्या तोंडात धरून म्हटलं होतं, "बघ, कसा शिवून घेतल्यासारखा बसलाय!" पुढे सगळं कळल्यावर तिने त्याची भरपाई करायची ठरवली. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ती चिमणीसमोर बसून राहायची. सूप गार व्हायचं, पुन्हा गरम व्हायचं, पुन्हा गार व्हायचं. चिमणी ओरडायची, रडायची, आईला नाही नाही ते बोलायची. आई हलायची नाही. तिच्या बोटात शिवणाचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी, तसंच राहिलेलं असायचं आणि ती त्या बोटाने टेबलावर हळूच टकटक करत म्हणायची, "आपल्याला कुठे जायचंय? बसलोय आपण."

त्या दिवसांतच तिने ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'भरलं ताट'. सुरुवातीला मन मोकळं करायला म्हणून लिहिलं, मग इतर आया वाचायला लागल्या. आई साधं आणि चांगलं लिहायची. 'आज चिमणीने अर्धा बटाटा खाल्ला आणि अर्ध्यासाठी दीड तास रडली,' असं लिहायची, आणि दूर कुठेतरी दुसऱ्या स्वयंपाकघरात दुसरी आई डोळे पुसायची. तिचा एक लेख तर हातोहात सगळीकडे गेला. त्याचं शीर्षक होतं 'ही वाक्यं मुलीला कधीही म्हणू नका'. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'छान बाळसं धरलंयस हं.' आईने समजावून लिहिलं होतं, की आपण हे प्रेमाने म्हणतो, पण आजार त्याचा अर्थ बदलून मुलीच्या कानात सांगतो. आजाराला ते असं ऐकू येतं की तू हरलीस.

लेख खरंच चांगला होता. इस्पितळाने तो छापून पालकांच्या खोलीत लावला.

चिमणीला ब्लॉगचा पत्ता लागला तो कॉलेजात. वर्गातली एक मुलगी जिन्यावर तिच्या बाजूला येऊन बसली आणि अगदी जिव्हाळ्याने म्हणाली, "काल म्हणे तू बटाट्यावर रडलीस? उकडलेला होता की तळलेला? तुझ्या आईने ते लिहिलंच नाही बघ." मागच्या पायरीवरच्या तिघीजणी खिदळल्या.

घरी येऊन चिमणीने दप्तर दुकानातल्या कापडांच्या ढिगावर फेकलं.

"आई, तू बटाट्याचं लिहिलंस?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात?" आईने मशीनवरून मान वर केली नाही. "चिमणी लिहिते मी."

"अख्खं जग मला चिमणीच म्हणतं!"

"जग म्हणजे कोण, आपण चौघं आणि तुझी मावशी."

"मावशी धरूनच चौघं होतात, आई. आणि कॉलेज? लोक ओळखतात मला."

"ओळखू देत. आजारात लाजायचं काय? पाय मोडला असता तर लाजली असतीस का?" मग आईने मशीन थांबवलं. तिचा आवाज मऊ झाला. "अगं, इतर आयांना उपयोग होतो. एकीने काल लिहिलं, ताई, तुमच्यामुळे माझी मुलगी दूध प्यायली. आता मी तिला काय सांगू, की माझ्या मुलीला लाज वाटते म्हणून तू बस बोंबलत?"

दुसऱ्या कोणाच्या मुलीच्या दुधाला कोण नाही म्हणणार? ती कात्रीशी खेळत उभी राहिली.

"मी बरी झाले की बंद करशील?"

"लगेच."

"बरी म्हणजे कधी? तुझं तू ठरवणार?"

"डॉक्टर फाइल बंद करतील त्या दिवशी. आईशप्पथ."

"कोणाच्या आईची?"

"माझ्या आईची. तुझी आई आहे इथे बसलेली, तिची कशाला खायची?" आई हसली. चिमणीलाही हसू आलं, आणि सौदा झाला.

त्या दिवसापासून चिमणी जेवायला लागली. आवडीने मुळीच नाही. परीक्षेसाठी नावडत्या विषयाचा अभ्यास करावा तशी, दात खाऊन. एकेक घास म्हणजे ब्लॉगची एकेक वीट काढणं होतं. आजार कानाशी बडबडत होता आणि चिमणी त्याला मनात म्हणत होती, तू गप्प बस, आधी मला त्या ब्लॉगवाल्या बाईला गप्प करू दे. रागाने का होईना, तिच्या ओठांना रंग आला. तिला जिना चढता यायला लागला. एकदा ती चक्क बाबांच्या ताटातलं अंडं पळवताना सापडली, तेव्हा बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

आणि इकडे ब्लॉग ओस पडायला लागला.

यात वाचकांचाही तसा दोष नव्हता. 'आज चिमणीने सगळं जेवण संपवलं' हे वाक्य एकदा वाचलं की छान वाटतं. रोज वाचलं की माणूस जांभई देतो. बटाट्यावरच्या रडण्याखाली शेकडो बाया लिहून जायच्या. पूर्ण ताटाखाली कोणीतरी एखादा अंगठा टेकवायची. एकीने तर लिहिलं, 'ताई, सगळं ठीक आहे ना? हल्ली काळजी वाटण्यासारखं काही लिहीतच नाही तुम्ही.' आई मशीनवर बसल्या बसल्या दर थोड्या वेळाने फोन उघडायची, बघायची आणि उपडा ठेवायची. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय तिने दुसऱ्यापेक्षा आखूड करून ठेवला.

मावशी ते बघून म्हणाली, "काय गं, चिमणी बरी झाल्यावर तू काय करणार? कावळ्यावर लिहिणार?"

"तुझी जीभ म्हणजे ना, कात्री आहे नुसती."

"तुझ्याच दुकानात धार लावते." मावशी हसली, पण मग बहिणीच्या तोंडाकडे बघून तिने हसू आवरलं.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा आठवडा असाच गेला तर सोमवारी फाइल बंद करू. चिमणीने स्वतःच्या फोनमध्ये त्या सोमवारपुढे एक छोटा फुगा काढून ठेवला.

त्याआधीचा शनिवार आला. बाबा स्टुलावर चढले, बटण दाबलं, उतरले. टेबलावर सूप होतं, उकडलेली अंडी होती, लोणी लावलेला पाव होता. बाबा रंगात आले होते.

"आज एक गंमत झाली. दोन शेजारी, वर्षानुवर्षांचा अबोला. एकमेकांकडे बघून थुंकायचे. दोघं नेमके एका लिफ्टमध्ये आणि लिफ्ट अडकली. मी तासाभराने दार उघडतो, वाटलं एकाचा तरी मुडदा काढावा लागणार. तर दोघं गळ्यात गळा घालून बाहेर आले आणि दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या!"

"म्हणजे तुमच्यामुळे जुळलं की," मावशी म्हणाली. "तुम्ही अडकवायचा धंदा सुरू करा, दुरुस्तीत काय आहे?"

चिमणी तोंडात घास असतानाच हसली. तिला ठसका लागला. पाणी प्यायली, पुन्हा हसली, आणि हसता हसता, बोलण्याच्या नादात, तिचा हात मधल्या थाळीकडे गेला आणि तिने पावाचा अजून एक तुकडा उचलला. आईने वाढलेला नव्हे. तिचा तिने घेतला. आजार सुरू झाल्यापासून सगळ्यांदेखत हे पहिल्यांदाच घडत होतं.

सगळ्यांनी ते पाहिलं. बाबांनी मान खाली घालून सुपात बघितलं. मावशीने मीठ नको असताना मिठाची बाटली घेतली. नियम सगळ्यांना पाठ होता, चकार शब्द काढायचा नाही. आणि त्या शांततेत आई म्हणाली,

"बघा कसं छान बाळसं धरलंय माझ्या बाईने! निळ्या ड्रेसची शिवण आता उसवायलाच हवी."

चिमणीच्या हातातला पाव ताटात परत आला. त्याचा आवाजही झाला नाही.

"अगं ए!" मावशी म्हणाली.

"काय झालं? चांगलंच तर बोलले."

"माझं झालं," असं म्हणून चिमणी उठली. ताट रिकामं झालेलं नव्हतं, पण तिला कोणी अडवलं नाही. बाबांनी स्टूल ओढलं, चढले आणि कॅमेरा बंद केला.

सोमवारी फाइल बंद झाली नाही. त्या सोमवारी नाही, पुढच्या नाही, आणि कित्येक सोमवार नाही. प्रत्येक घासापुढचा तो कठडा पुन्हा तेवढाच उंच झाला होता. दरम्यान आईने 'घसरण' नावाचा लेख लिहिला. 'आम्ही पुन्हा तळाला आलो आहोत. कारण कळत नाही. हा आजार असाच दबा धरून बसलेला असतो.' टेबलावर काय बोललं गेलं ते तिने लिहिलं नाही. वाचणाऱ्या बाया धावून आल्या. जुन्या आल्या, नव्या आल्या, 'ताई, खचू नका,' म्हणाल्या, 'तुमच्यासारखी आई प्रत्येकीला मिळो,' म्हणाल्या. आई ते वाचायची आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. ते रडू खोटं नव्हतं. खोटं असतं तर सगळं फार सोपं झालं असतं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी, चिमणी पुन्हा हळूहळू वर चढत असताना, संशोधनाचं काम संपलं. डॉक्टरबाईंनी आईला एकटीला बोलावून घेतलं. लहानशी खोली, दोन खुर्च्या, भिंतीला पडदा आणि टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा.

"आई, बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. इस्पितळात सगळ्याच आयांना आई म्हणतात. "तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. आवाज बंद ठेवते. नुसतं बघा."

पडद्यावर जेवायची खोली आली. वरून दिसणारी, जराशी वाकडी. बाबा हात हलवून काहीतरी सांगत होते. चिमणी हसत होती. तिचा हात थाळीकडे गेला, पाव उचलून घेऊन आला. बाबांचा चेहरा उजळला. मावशीचा उजळला. आणि आईचा पडला. गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन, आत न शिरताच वळून गेलं, की तिचा चेहरा पडायचा तसा. ती उपड्या ठेवलेल्या फोनकडे बघते, मग मुलीकडे बघते. मग तिच्या तोंडावर हसू येतं, आणि ओठ हलतात. बोटातलं अंगुस्तान दिव्यात चमकतं.

आईने कागदाच्या डब्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"असं आणखी दोनदा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिथे शब्द वेगळे आहेत. एकदा तुम्ही तिला कॉलेजातल्या बारीक मुलीची आठवण करून दिलीत. दर वेळी ती चांगली जेवत असतानाच."

"मी मुद्दाम नाही केलं हो."

"असं मी म्हटलेलंच नाही. मुद्दाम की चुकून, ते मला मोजता येत नाही."

"तुम्ही हे कधी पाहिलंत?"

"त्याच आठवड्यात."

"त्याच..." आई खुर्चीच्या कडेवर आली. "आणि सांगितलं नाहीत? माझी पोर किती दिवस उपाशी होती तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. नोंद आहे माझ्याकडे." डॉक्टरबाईंच्या आवाजात कठोरपणा नव्हता, एखाद्या मुलाला गणित समजावताना असतो तसा त्यांचा आवाज होता. "मी सांगितलं असतं तर तुम्ही बदलला असता. मग मी काय मोजणार? उपचाराला दुसरे डॉक्टर होते ना तिच्याकडे."

डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"आई, हे चित्रण फार दुर्मीळ आहे. पुढच्या महिन्यात आमचा मेळावा आहे, खूप पालक येतात. तिथे दाखवायचंय. चेहरे पुसट करू, आवाज बदलू."

"नको, नको! लोक ओळखतील मला."

"नाव कुठेच येणार नाही. आणि इतर आयांना किती उपयोग होईल, विचार करा. आजारात लाजायचं काय?" डॉक्टरबाई हसल्या. "हे तुमचंच वाक्य आहे. ब्लॉगवर वाचलं होतं. मला फार पटलं."

परवानगीची सही आईने सुरुवातीलाच केलेली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, की टिपली जाणार ती चिमणी.

"पण तुमची मुलगी आता सज्ञान झाली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यामुळे तिची सही वेगळी लागेल. ती नाही म्हणाली तर मी हे कपाटात ठेवून देईन."

आई घरी आली ती धापा टाकत. चिमणी दुकानातल्या कापायच्या टेबलावर पाय लोंबकळत बसली होती. तिची केळं खायची वेळ होती आणि ती केळं खात होती, प्रत्येक घासाला डोळे मिटून. आईने सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, पण पुरेसं.

"तू नाही म्हण, बाळा. एवढंच कर माझ्यासाठी."

"का? नाव थोडंच येणार आहे?"

"असं काय करतेस? मी चुकले. मला कळलंच नाही मी काय बोलले ते."

"मलाही आधी वाटलं होतं चुकून बोललीस." चिमणीने केळ्याची साल नीट घडी करून ठेवली. "मग तुझं ते 'घसरण' वाचलं. त्यात सगळं होतं, आई. मी किती वाजता रडले, कुठल्या उशीत तोंड खुपसलं, सगळं. फक्त ते वाक्य नव्हतं."

आई खाली मान घालून टाचण्या डबीत भरत राहिली.

"ब्लॉग पुसून टाक," चिमणी म्हणाली. "नवीन लिहिणं बंद असं नाही. जुनं सगळं पुसायचं. मग मी नाही म्हणते."

"पुसते. आजच पुसते."

त्या दुपारी आईने खरंच फोन घेतला. 'सर्व लेख कायमचे पुसायचे? नंतर परत मिळणार नाहीत,' असं फोनने विचारलं. तिने बोट वर धरलं. मग तिला वाटलं, एकदा वाचून घेऊ. दूध प्यायलेल्या मुलीची आई भेटली. 'तुमच्यासारखी आई प्रत्येकीला मिळो' म्हणणारी भेटली. वाचता वाचता दुकान बंद करायची वेळ झाली. पुसण्याऐवजी तिने चार ओळी लिहिल्या, 'काही दिवस विश्रांती घेते आहे. आठवण ठेवा.' आणि जेवताना सांगितलं, "केलं बंद."

चिमणीने टेबलाखाली फोन उघडून पाहिलं. "आहे की अजून."

"अगं, नवीन लिहिणार नाहीये मी. पण त्या बिचाऱ्या बायांचा आधार एकदम कसा काढून घ्यायचा? उद्या बघते."

"उद्या," चिमणी म्हणाली.

उद्या झाला, परवा झाला. चिमणी एकदाही पुन्हा बोलली नाही. रोज जेवायला बसताना फक्त फोन बघायची आणि ठेवून द्यायची. आईला वाटलं, विसरली. पोर आपलीच आहे, आजवर थांबली तशी थांबेल. शनिवारी चिमणी बाबांच्या गाडीत बसून इस्पितळात गेली आणि सही करून आली.

"तुम्ही तिला नेलंतच कसं?" आई बाबांवर ओरडली.

बाबा स्टुलावर उभे राहून कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होते. तो आता परत करायचा होता. "त्या दिवशी मीही तिथेच बसलो होतो," ते म्हणाले. "सुपात बघत." वायर गुंडाळून झाली तरी ते स्टुलावरून लवकर उतरले नाहीत.

मेळाव्याला चिमणीच आईला घेऊन गेली. "चल ना. चेहरा पुसट असणार, आवाज बदललेला असणार. तुला कोण ओळखतंय?" आईला नाही म्हणायला जागा उरली नाही. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. मोठी खोली, ओळीने खुर्च्या, जवळजवळ सगळ्या आयाच. चिमणी निळा ड्रेस घालून आली होती. त्याची शिवण उसवून मोठी केलेली होती, आईने नव्हे, चिमणीनेच, वेड्यावाकड्या टाक्यांनी.

पडद्यावर खोली आली. चेहऱ्यांच्या जागी पुसट डाग. लहान डागाचा हात पावाकडे गेला तेव्हा खोलीतल्या सगळ्या आयांनी श्वास रोखला. मग जाड, घोगऱ्या आवाजात ते वाक्य आलं, आणि सगळीकडून एकदम 'अरेरे' ऐकू आलं. पडद्यावर अंगुस्तान चमकत होतं. आईने आपला हात पर्सखाली सरकवला. आजही ते बोटातच राहिलं होतं.

पलीकडच्या खुर्चीतल्या बाईने पदराआड डोळे पुसावेत तसे रुमालाआड पुसले आणि आईकडे झुकून म्हणाली, "कसली आई असेल हो ही! तिचा चेहरा कसा पडला, पुसट केला तरी कळलं. स्वतःचं लेकरू खातंय आणि हिला सोसवेना."

"हो ना," आई म्हणाली.

"माझीही मुलगी यातूनच गेली. मी तर एका ब्लॉगच्या आधारावर तरले. 'भरलं ताट'. वाचता का तुम्ही? त्या ताईंनी स्पष्ट लिहिलंय, हे वाक्य मेलं तरी बोलायचं नाही. ही बाई तो वाचत असती ना, तर असं कधी झालं नसतं."

"हो ना," आई पुन्हा म्हणाली.

आईच्या दुसऱ्या बाजूला चिमणीने पिशवीतून डबा काढला होता. तिची खायची वेळ झाली होती. तिने अंडं घातलेला पाव हातात घेतला, एक मोठा घास घेतला, नीट चावला, गिळला, आणि आईच्या पुढून वाकून त्या बाईला विचारलं,

"मावशी, तो ब्लॉग अजून आहे का हो?"

"आहे तर! कालच पुन्हा सगळा वाचून काढला. त्या सध्या विश्रांती घेतायत, बिचाऱ्या."

"हं," चिमणी म्हणाली. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. चिमणीने पावाचा दुसरा घास घेतला. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

"त्यांना काही सांगायचं असेल तर इथेच सांगा," ती म्हणाली. "ही माझी आई. आणि चिमणी म्हणजे मी."

बाई आधी हसली, गंमत वाटली म्हणून. मग तिने पडद्याकडे पाहिलं, मग निळ्या ड्रेसकडे, मग पर्सखालून बाहेर आलेल्या, अंगुस्तान घातलेल्या बोटाकडे. मग तिने रुमाल ठेवून दिला आणि मांडीवरच्या पिशवीतून हळूच फोन बाहेर काढून 'भरलं ताट' उघडलं.